ऊतींमधलं प्रकाशसंवेदी औषध प्रतिदीप्तीने कसं मोजायचं: नाशिकच्या एका प्रयोगशाळेतली पद्धत

गावरान कोंबडीचं तपकिरी अंडं घ्या, खोलीत अंधार करा आणि दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळ्या उजेडाचा टॉर्च त्यावर धरा. कवच विझत आलेल्या निखाऱ्यासारखं लालसर दिसतं. एका रंगाचा उजेड घेऊन दुसऱ्या रंगाचा परत देणं, यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. शेजारी पोल्ट्रीचं पांढरं अंडं ठेवलं तर त्यात हा लालपणा अगदीच फिका. तपकिरी कवचातलं हे रंगद्रव्य म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन-नाइन. मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला फाइव्ह-एएलए नावाचं औषध पाजतात, तेव्हा गाठीच्या पेशींत साठतो तो हाच रेणू. निळ्या-जांभळ्या उजेडात गाठ लाल चमकते आणि कुठवर कापायचं ते सर्जनला दिसतं. युरोपात याला २००७ साली आणि अमेरिकेत २०१७ साली परवानगी मिळाली.

आमच्याकडे एम. फार्मला नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी मी हा अंड्याचा प्रयोग करायला लावतो. औषध स्वतःच उजेड देतं, मग मोजायला काय लागतं, असं त्याला वाटायला हवं. पुढचे सहा महिने तो गैरसमज काढण्यात जातात. मशीन दाखवतं तो आकडा उजेडाचा असतो, औषधाचा नव्हे. मधे रक्त असतं, टिश्यूची (ऊतीची) स्वतःची चमक असते, औषधाच्या गुठळ्या असतात. म्हणून औषध न दिलेला, कोरा तुकडा हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नमुना, आणि मुलं नेमका तोच आणायला विसरतात.

आधी औषधाची ओळख

फोटोडायनॅमिक म्हणजे उजेडाने औषध चेतवण्याच्या उपचारात वापरली जाणारी बहुतेक औषधं पॉर्फिरिन किंवा क्लोरिन कुळातली. (हे क्लोरिन पाण्याच्या टाकीत टाकायचं नव्हे, हे कार्बन-नायट्रोजनचं मोठं कडं.) औषध गाठीत साठतं, त्यावर लाल उजेड पाडला की ऑक्सिजनचं आक्रमक रूप तयार होतं आणि आसपासच्या पेशी मरतात. किती उजेड द्यायचा हे किती औषध साठलंय यावर ठरतं, म्हणून मोजमाप.

दोन नावं लक्षात ठेवली तरी काम सुरू होतं. प्रोटोपॉर्फिरिन-नाइनला सुमारे ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळा, उजेड द्यायचा. ते परत देतं त्या उजेडाच्या आलेखात ६३५ च्या आसपास मोठं आणि ७०५ च्या आसपास लहान शिखर दिसतं. क्लोरिन-ई-सिक्सलाही ४०० ते ४०५ चाच उजेड चालतो, पण त्याचं शिखर ६६० ते ६७० मध्ये येतं. द्रावण बदललं की ही शिखरं सरकतात, तेव्हा पुस्तकातला आकडा मशीनमध्ये टाकून मोकळं होऊ नका. आपल्याच द्रावणात आपलंच औषध एकदा पूर्ण स्कॅन करा, म्हणजे तरंगलांबीगणिक उजेडाचा आलेख काढा, आणि तो कागद वहीत चिकटवा.

अंधाराची तयारी

ही औषधं उजेडात खराब होतात, आणि तेही मिनिटांत. पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा, भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा ठेवा. फोटोच्या डार्करूमसारखा लाल दिवा लावायची हौस अनेकांना असते, पण ही औषधं लाल उजेडही शोषतात. त्यावरच तर सगळा उपचार उभा आहे. बाटल्या तपकिरी काचेच्या घ्या, नळ्यांना फॉइल गुंडाळा आणि फॉइलवर नंबर लिहायला विसरू नका. आतल्या नळीवरचा नंबर वाचायला फॉइल उघडलं की गुंडाळण्याचा अर्थच गेला.

मशीन

बहुतेक फार्मसी कॉलेजांत १५० वॅटच्या झेनॉन दिव्याचा स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर, म्हणजे प्रतिदीप्ती मोजायचं मशीन, असतो. तो पुरतो. दिवा लावून अर्धा तास थांबा. मधेच लाईट गेली तर परत आल्या आल्या गरम झेनॉन दिवा पुन्हा पेटवू नका, पूर्ण गार होऊ द्या. यूपीएस घ्या म्हणून दरवर्षी अर्ज करावा लागतो, तो करत राहा.

रोज सकाळी दोन तपासण्या. पहिली, बी. फार्मला केलेलं क्विनाइन सल्फेट: ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये, ३५० वर उजेड, ४५० वर वाचन. कालच्या आणि आजच्या आकड्यात मोठा फरक असेल तर दिवा म्हातारा झालाय किंवा कुणीतरी स्लिट, म्हणजे उजेडाची फट, बदलून ठेवलीय. दुसरी, साध्या शुद्ध पाण्याचं स्कॅन. ४०५ चा उजेड दिला की पाण्याच्या रेणूंवरून विखुरलेल्या उजेडाचं, म्हणजे रामन शिखर ४७० च्या आसपास दिसतं. ते औषधाचं नव्हे, पाण्याचं. नवीन माणूस त्यालाच 'काहीतरी सापडलं' समजून दिवसभर नाचतो.

डिटेक्टर लाल भागात किती जागा असतो, हेही विचारून घ्या. काही फोटोमल्टिप्लायर ६०० च्या पुढे झोपाळू होतात आणि आपल्याला तर ६३५ पासून पुढचंच हवं. उजेड आत जाण्याची आणि बाहेर येण्याची, दोन्ही स्लिट ५ नॅनोमीटरवर ठेवून सुरुवात करा. बाहेरच्या बाजूला ४५० च्या वरचाच उजेड सोडणारी फिल्टरकाच मिळाली तर बसवा, भटका जांभळा उजेड निम्म्याहून कमी होतो. क्युव्हेट, म्हणजे नमुना ठेवायची चौकोनी नळी, चारही बाजूंनी पारदर्शक हवी. ४०५ ला काचेचीही चालते. क्वार्ट्‌झ हवीच असा हट्ट क्विनाइनसारख्या अतिनील कामाला धरा.

प्रमाण द्रावण

एक मिलिग्रॅम तोलू नका, कॉलेजच्या तराजूवर तो आकडा हवेवर हलतो. ५ मिलिग्रॅम तोला आणि डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात ५० मिलिलिटर करा. झालं १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. आता बाटलीवरचं लेबल नीट वाचा. प्रोटोपॉर्फिरिनचं शुद्ध आम्ल असेल तर रेणुभार ५६२.७, डायसोडियम क्षार असेल तर ६०६.६. क्षार तोलून आम्ल समजलात तर सगळ्या प्रबंधात ७ टक्के चूक बसते, आणि ती सगळीकडे सारखीच असल्यामुळे कधी उघडकीस येत नाही.

या स्टॉकमधलं, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमच्या मूळ द्रावणातलं, १ मिलिलिटर घेऊन डीएमएसओने १०० करा, म्हणजे १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, अर्थात १००० नॅनोग्रॅम. यातून पुढे ०, १, २, ५, १०, २० आणि ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरची मालिका बनते. ही मालिका कशात बनवायची, इथे खरी मेख आहे. नुसत्या पाण्यात प्रोटोपॉर्फिरिनचे रेणू एकमेकांना चिकटून बसतात आणि चिकटलेले रेणू जवळजवळ चमकत नाहीत. म्हणजे औषध आहे, उजेड नाही. साबण किंवा सेंद्रिय द्रावक असला की ते सुटे होतात. शिवाय हे रेणू प्लास्टिकला चिकटतात, म्हणून पातळ द्रावणं काचेतच ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

तुकडा: कापणं, धुणं, तोलणं

प्राण्यांवरच्या प्रयोगातला टिश्यू असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी आधी हवी. माणसाची बायोप्सी असेल तर मानवी नीतिसमितीची. कागद हातात येईपर्यंत हात बसवायला बाजारातलं कोंबडीचं काळीज आणि छातीचं मांस उत्तम. भद्रकालीत सकाळी लवकर गेलात तर ताजं मिळतं. बर्फाच्या डब्यात घालून आणा.

बोकडाचं काळीज मात्र घेऊ नका. एका उन्हाळ्यात मी तेच घेतलं होतं. औषधाचा थेंबही न घातलेला कोरा तुकडा, आणि स्कॅनमध्ये लाल भागात छान शिखर. क्युव्हेट बदलली, द्रावण नव्याने केलं, पिपेटवर संशय घेतला, दोन दिवस गेले. शेवटी शिरवाडेकडच्या एका विद्यार्थ्याने सहज विचारलं, "सर, शेळ्या पाला खातात ना?" पाल्यातल्या हरितद्रव्यापासून रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात फायलोएरिथ्रिन तयार होतं, ते यकृतातून पित्तात जातं, आणि तेही पॉर्फिरिनचंच भावंड. घाणेरी खाऊन यकृत बिघडलेल्या गुरांची कातडी उन्हात सोलवटते, ती याच फायलोएरिथ्रिनमुळे: यकृत ते बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात साठतं आणि उन्हात पेटतं. माझा तुकडा पित्ताशयाला लागूनच कापलेला होता. त्या पोराला हे सगळं गोठ्यातून ठाऊक होतं.

उंदरांवर काम करणाऱ्यांनाही हाच धडा लागू आहे. हिरवा पाला असलेलं खाद्य दिलं की आतड्यात आणि कातडीवर ६७० च्या आसपास हरितद्रव्याच्या अवशेषांचं शिखर येतं, म्हणजे क्लोरिन-ई-सिक्सच्या थेट डोक्यावर. प्रयोगाआधी काही दिवस हरितद्रव्य नसलेलं खाद्य द्यावं लागतं.

तुकडा थंड सलाइनमध्ये रक्त निघेपर्यंत धुवा. हिमोग्लोबिन ४१५ च्या आसपास प्रचंड उजेड पितं, आपला ४०५ चा उजेड त्याच्याच दारातून जातो. धुतल्यावर फिल्टर पेपरने टिपा. तोंड पुसायचे टिश्यू पेपर नकोत. त्यांत बहुधा शुभ्रता आणणारे पदार्थ असतात आणि ते निळे चमकतात. १०० मिलिग्रॅमच्या आसपास तुकडा तोला, नेमकं वजन लिहा, लगेच गोठवा. उणे ८० असेल तर बरं, नसेल तर उणे २० वर थोडे दिवस. एकदा वितळवलेलं परत गोठवू नका.

विरघळवणं

जुन्या पद्धतीत मिथेनॉल आणि परक्लोरिक अ‍ॅसिडने पॉर्फिरिन काढतात. चालते, पण परक्लोरिक वाळलं की स्फोटक होतं, आणि कॉलेजच्या फ्यूम हूडवर माझा तेवढा विश्वास नाही. शिवाय आम्लात शिखरं सरकून ६०५ आणि ६६० कडे जातात. मी सरळ ०.१ मोलर कॉस्टिक सोडा आणि त्यात २ टक्के एसडीएस हा साबण वापरतो. टिश्यू, पेशी, प्रथिनं सगळं विरघळून एक तपकिरी पाणी होतं आणि औषधाचे रेणूही सुटे राहतात.

दोन गोष्टी नाशिकच्या थंडीत शिकलो. जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत येतो त्या दिवसांत सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की एसडीएसची बाटली दुधासारखी पांढरी दिसते, तळाशी अभ्रकासारख्या चकचकीत पापुद्र्यांचा थर. बाटली खराब झालेली नसते. थंडीत एसडीएस बाहेर पडतं, कोमट पाण्यात ठेवून हलवलं की पुन्हा स्वच्छ. पण तसंच ढवळून पिपेटमध्ये ओढलं तर प्रत्येक नळीत वेगळा साबण जातो. दुसरी गोष्ट: कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरू नका, पोटॅशियम असलेलं बफरही नको. पोटॅशियमचा क्षार विरघळत नाही आणि नळीत दह्यासारखा थर बसतो. एका मुलाने 'सोडा संपला होता सर' म्हणत हे करून दाखवलं.

१०० मिलिग्रॅम तुकड्यावर २ मिलिलिटर द्रावण घाला, बर्फात ठेवून होमोजिनायझरने बारीक करा आणि ५० ते ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये फॉइलखाली ठेवा. तास-दीड तासाने नळी उचलून बघा, तुकडे दिसेनासे झाले पाहिजेत. स्नायू लवकर जातो, कातडी छळते. उरलेला गाळ सेंट्रीफ्यूजने खाली बसवा. याच बाथमध्ये एका नळीत फक्त शुद्ध औषध ठेवा. दीड तासाने त्याचा उजेड कमी झाला असेल तर उष्णता तुमचं औषध खातेय, तापमान उतरवा.

पातळ करा, मग आणखी पातळ करा

विरघळलेलं काळीज गडद असतं. आत जाणारा उजेड मधेच शोषला जातो, बाहेर येणाराही. आधी साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४०५ चं शोषण बघा. ०.१ असेल तरी सुमारे ११ टक्के उजेड गेला, ०.३ असेल तर जवळजवळ तीस टक्के. शोषण ०.०५ च्या खाली येईपर्यंत त्याच सोडा-एसडीएस द्रावणाने पातळ करत जा. ते शक्यच नसेल तर दुरुस्ती करता येते: आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या तरंगलांबीची शोषणं मिळवा, दोनने भागा, १० ला तेवढा घात द्या आणि वाचनाला त्याने गुणा. पण मी दुरुस्तीपेक्षा पाण्यावर जास्त विश्वास ठेवतो.

चाचणी सोपी आहे. नमुना निम्मा पातळ करा. वाचन निम्मं झालं, पुढे जा. ७० टक्क्यांवरच थांबलं, अजून गडद आहे. उलट वाढलं, तर तुम्ही फारच खोल पाण्यात होता.

स्कॅन

एकाच तरंगलांबीवर आकडा टिपून काम उरकू नका. ४०५ चा उजेड देऊन ५८० ते ७५० पूर्ण रेघ काढा. टिश्यूची स्वतःची चमक निळ्या-हिरव्या भागात जोरात असते आणि लालपर्यंत उतारासारखी पसरते. औषधाचं शिखर त्या उतारावर टेकाडासारखं बसलेलं दिसतं. टेकाडाची उंची समुद्रसपाटीपासून मोजायची की पायथ्यापासून, हाच सगळा प्रश्न.

तोच नमुना लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करा. शिखर उतरलं असेल तर मशीनचाच दिवा औषध जाळतोय. उजेड आत जाण्याची स्लिट अरुंद करा आणि वाचन नसताना शटर बंद ठेवा. प्रोटोपॉर्फिरिन जळत असताना ६७० च्या आसपास नवीन टेकाड उगवतं, ते जळक्या औषधाचं. ते दिसलं तर आधी कुठेतरी उजेड लागलाय, कबूल करा आणि नवीन तुकडा घ्या.

कोऱ्या तुकड्यातली मालिका

आता तो कोरा तुकडा कामाला येतो. औषध न दिलेला, त्याच अवयवाचा, तसाच विरघळवलेला आणि तेवढाच पातळ केलेला टिश्यू घ्या आणि वरची मालिका त्यात बनवा. औषधाचं प्रमाण आडवं आणि वाचन उभं घेऊन शुद्ध द्रावणातली रेघ आणि ही रेघ आलेखावर शेजारी काढा. उतार सारखे आले तर नशीब चांगलं. बहुतेक वेळा टिश्यूतली रेघ पडकी येते, आणि तीच खरी. यकृताची रेघ स्नायूला वापरायची नाही.

कोरा टिश्यू मिळतच नसेल, जसा माणसाच्या बायोप्सीत मिळत नाही, तर नमुन्याचे चार भाग करून तिघांत वाढतं ज्ञात औषध घाला, चौथा तसाच ठेवा. रेघ मागे ओढली की ती आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जिथे छेदते, ते अंतर म्हणजे आधीपासून असलेलं औषध.

टेकाड पायथ्यापासून वेगळं करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलमध्ये एका स्तंभात नमुन्याच्या स्कॅनची रेघ, दुसऱ्यात कोऱ्या टिश्यूची, तिसऱ्यात शुद्ध औषधाची घाला आणि लाइनेस्ट हे फंक्शन चालवा. नमुना म्हणजे अमुक पट टिश्यू अधिक तमुक पट औषध, असं उत्तर येतं. एक खोड आहे: लाइनेस्ट गुणक उलट्या क्रमाने देतं, शेवटच्या स्तंभाचा आधी. यापायी आमच्याकडे एकदा टिश्यूची चमक औषध म्हणून सेमिनारमध्ये मांडली गेली. उत्तर आल्यावर उरलेला फरकही आलेखावर काढा. तो शून्याभोवती विस्कटलेला हवा. त्यात ६७० ला टेकाड दिसलं तर जळकं औषध किंवा पाला, दोघांपैकी एक घरात शिरलाय.

हिशोब

समजा क्युव्हेटमध्ये १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. नमुना १० पट पातळ केला होता, म्हणजे मूळ द्रावणात १२०. द्रावण २ मिलिलिटर घातलं, पण त्यात १०० मिलिग्रॅम टिश्यूही विरघळलाय, तेव्हा आकारमान २.१ धरा. १२० गुणिले २.१ म्हणजे २५२ नॅनोग्रॅम. ते ०.१ ग्रॅममध्ये होते, म्हणून २५२० नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम, म्हणजे सुमारे अडीच मायक्रोग्रॅम.

हे अजून पूर्ण नाही. कोऱ्या तुकड्यात, विरघळवण्याआधी, ठरावीक औषध टोचून पूर्ण प्रक्रिया करा आणि किती परत मिळतं ते बघा. ८६ टक्के मिळालं तर २५२० ला ०.८६ ने भागा, २९३० येतात. किमान तीन वेगवेगळ्या प्रमाणांवर हे करा.

सर्वात कमी किती मोजता येतं ते काढायला कोऱ्या नमुन्यांच्या वाचनांचं प्रमाण विचलन घ्या, ३.३ ने गुणा आणि रेघेच्या उताराने भागा. खात्रीने आकडा सांगायची मर्यादा हवी असेल तर १० ने गुणा. पण दहा कोरे नमुने एकाच नळीतून घेऊ नका, वेगवेगळ्या प्राण्यांचे घ्या. एकाच नळीतले दहा तुम्हाला मशीनचा थरथराट सांगतात, प्राण्याप्राण्यांतला फरक नाही.

न कापता, वरून मोजायचं असेल तर

फायबरच्या टोकाने थेट टिश्यूवर उजेड पाडून वाचन घेता येतं आणि शस्त्रक्रियेत तेच उपयोगी पडतं. पण ४०५ चा उजेड मिलिमीटरभरही आत पोचत नाही. खोलवरचं औषध त्याला दिसत नाही. रक्त वाढलं की वाचन पडतं. म्हणून त्याच जागेवरून परत येणारा पांढरा उजेडही मोजून त्याच्याशी तुलना करतात. तरीही हे आकडे 'इथे जास्त, तिथे कमी' एवढ्यापुरतेच घ्या. मायक्रोग्रॅममध्ये लिहायचे असतील तर त्याच जागेचा तुकडा कापून वरच्या पद्धतीने पडताळावं लागतं. फायबर दाबू नका, दाबलं की रक्त बाजूला सरतं आणि वाचन खोटंच चढतं.

फायबर रोज तेवढाच उजेड घेतोय का, हे बघायला काहीतरी कायमची खूण लागते. एका मुलीने यासाठी गावरान अंडं आणलं होतं. कल्पना झकास, पण अंडं रोज एकाच जागी ४०५ च्या उजेडाखाली धरलं की आठवड्यात ती जागा फिकी पडते, कारण कवचातलं प्रोटोपॉर्फिरिनही जळतंच. आता आम्ही गाडीच्या नंबरप्लेटचं काम करणाऱ्या रेडियमवाल्याकडून नारिंगी चमकणाऱ्या शीटचा तुकडा आणलाय. तो काळ्या डबीत बंद असतो, सकाळी दोन सेकंद बाहेर येतो, वाचन वहीत जातं आणि डबी परत बंद.